पुस्तकांच्या वासावर व्याख्यान

टाचणीचं डोकं लाल होतं आणि तिचं टोक नेमकं 'उपक्रम' या शब्दाच्या पहिल्याच अक्षरातून आरपार गेलं होतं — अख्खा कागद मोकळा होता, चारी कोपरे मोकळे होते, पण नाही, शिपायाला टोचायचं होतं ते मथळ्यातच... आणि एकाच टाचणीवर लोंबत असल्यामुळे कागद तिरका झाला होता. ग्रंथपालबाईनं तो सरळ करायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. कशाला? उलटा लावला असता तरी कुणाच्या बापाला कळणार होतं! महाविद्यालयातली एवढी मुलं-मुली, एवढे प्राध्यापक रोज या फलकासमोरून जातात. फलकाची काच मात्र सगळ्यांच्या उपयोगाची — केस सारखे करायला, ओठ पुसायला. आत्तासुद्धा एक मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, काचेत बघून भुवई सारखी केली आणि गेली. तिच्या भुवईच्या बरोबर मागे छापलेलं होतं: 'शुक्रवार, दुपारी तीन, वाचनकक्ष. जाहीर व्याख्यान. विषय: जुन्या पुस्तकांचा वास — कारणे, प्रकार व उपयोग. वक्ते: या विषयातील नामवंत. सर्वांना अगत्याचे आमंत्रण.'

आज शुक्रवार होता. व्याख्यान होणार नव्हतं. असा वक्ता जगात नव्हता. 'नामवंत' लिहिलं आणि नाव दिलंच नाही. आणि एकानंही, अगदी एकानंही विचारलं नाही की अहो, नामवंत म्हणता, पण नाव काय त्यांचं? लिहिताना ती हसली होती — ओठ न हलवता, जसं ती आताशा नेहमी हसते. सकाळी चहा घेताना ताईनं तेच म्हटलं: "आज कुणाची खोड मोडायला निघालीस? आरशात बघ जरा, तोंड कसं झालंय." ताई मोठी बहीण, दोघी एकत्र राहतात, आणि ताईला वाटतं, धाकटीचा सगळा तिरसटपणा पित्तामुळे आहे. पित्त! असू दे पित्त. आज चार वाजता ते पित्त बैठकीच्या टेबलावर ठेवायचं होतं.

हे सुरू कसं झालं... ठरवून नाही. 'ग्रंथालय वार्ता' नावाचं हे दुपानी पत्रक दर महिन्याला काढायचं, त्यात तीन मथळे असलेच पाहिजेत — बातम्या, उपक्रम, साधने — हा प्राचार्यांचा आग्रह. प्राचार्यांना ती मनातल्या मनात फीतकापे म्हणायची. कात्री हातात आली की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज चढे ते एरवी कशानंच चढत नसे. पाण्याचं यंत्र आलं, फीत. नवा संगणक आला, फीत. जुनाच संगणक या खिडकीकडून त्या खिडकीकडे नेला, तरी फीत. तर एका महिन्यात 'साधने' या मथळ्याखाली लिहिण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं; पुस्तकं आली नव्हती, दोन नियतकालिकं बंद पडली होती. फीतकाप्यांचा निरोप आला की मथळा रिकामा ठेवू नका, बरं दिसत नाही. मग तिनं लिहिलं: 'उभ्याने वाचणाऱ्यांसाठी खास खुर्च्या उपलब्ध आहेत. चौकशी काउंटरवर करावी.' लिहिलं आणि मसुदा सहीला पाठवला. वाटलं, आता हाक येईल, ओरडा बसेल, निदान हशा तरी पिकेल. फीतकाप्यांनी कागद दोन्ही हातांनी धरून लांब नेला, मान कलती केली, म्हणाले, "छान, छान. मोकळा मोकळा दिसतोय." आणि सही.

त्या दिवशी ती घरी गेली ती जवळजवळ पळतच. कसला आनंद होता तो? आनंदच होता, नाही कसं म्हणू... एखाद्याला आपण मूर्ख समजावं आणि त्यानं येऊन आपल्या हातात तसा दाखलाच द्यावा, तसला. मग पुढच्या महिन्यात: 'शांतता कक्षातील शांतता दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद राहील.' सही. 'हरवलेल्या पुस्तकांची यादी हरवली आहे. सापडल्यास आणून द्यावी.' सही. 'अंधारात वाचायचा शब्दकोश, फक्त रात्रपाळीच्या वाचकांसाठी.' सही, आणि वर "वा, रात्रपाळीच्या लोकांचाही विचार केलात!" म्हणजे एवढं वाचलं होतं त्यांनी — शेवटचे दोन शब्द. मग ती सोकावलीच. कार्यक्रमही घालू लागली. 'एका ज्येष्ठ विचारवंताचे जाहीर मौन. प्रवेश विनामूल्य.' याच्यावर तर तिनं दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. 'जाहीर मौन' की 'प्रकट मौन', हे ठरेना. खऱ्या बातम्यांच्या मध्ये एक खोटी, अशी बेमालूम शिवलेली की शिवण दिसू नये. महिन्याला एक. बास. तीच एक गोष्ट ती जीव ओतून लिहायची, बाकीचं सगळं हात लिहीत.

आणि आज या बनावट अंकांचं अभिनंदन होणार होतं! ग्रंथालय समितीची बैठक, विषय एकच: 'वार्ता'च्या उत्तम संपादनाबद्दल ग्रंथपालांचे अभिनंदन. फीतकापे बोलणार, बाकीचे टाळ्या वाजवणार आणि बिस्किटं खाणार. मग ती उठणार. काखेतली फाइल उघडणार. सगळे अंक, प्रत्येक अंकात एक ओळ तांबड्या पेन्सिलीनं अधोरेखित. ती एकेक ओळ वाचून दाखवणार, शांतपणे, आवाज न चढवता — चढवायचा नाही, अजिबात नाही, आवाज चढवला की लोक मजकूर विसरतात आणि बाई चिडल्या एवढंच लक्षात ठेवतात — आणि शेवटी म्हणणार: आज तीन वाजता याच इमारतीत एक व्याख्यान होतं, आपल्या सहीनं जाहीर झालेलं. आपल्यापैकी एकही जण आला नाही. आला असता तर कळलं असतं की वक्ताच नाही. सद्‌गृहस्थहो, आपण वाचत नाही. आपण शिकवता, पण वाचत नाही. एवढं बोलून बसायचं. पुढे काय होईल ते होईल. नोकरीचं शेवटचं वर्ष आहे, काढून काढून काय काढतील!

तिनं हे भाषण मनात इतक्या वेळा केलं होतं की त्याला आता घडी पडली होती.

काउंटरवर येऊन बसली. सहायक मुलगी मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "हो मॅडम." तिला काही विचारलेलं नव्हतं. ही अशीच, 'चावी कुठे आहे' म्हटलं तरी आधी 'हो मॅडम'. वाचनकक्षात पंखे फिरत होते, टेबलांवर मुलं डोकी टेकून झोपली होती, एक जण पुस्तक उघडं ठेवून त्यावर डबा खात होता. खाऊ दे. पूर्वी ती उठली असती, त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली असती, नुसती उभी... पूर्वी तर ती काय काय करायची. पूर्वी ती 'वार्ता' खरीखुरी लिहायची. नवं पुस्तक आलं की ते घरी न्यायचं, पूर्ण वाचायचं आणि त्यावर चार ओळी लिहायच्या — चारच, पण अशा की वाचणाऱ्याचे पाय आपोआप ग्रंथालयाकडे वळावेत. रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले, ताई ताट घेऊन ताटकळत उभी, "अगं उचल ना ते, गार होतंय"... आणि ही एका शब्दावर अडलेली. एकदा साहित्याच्या प्राध्यापकांना जिन्यात गाठून विचारलं होतं, सर, या महिन्याचा अंक पाहिलात का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं, मनापासून आश्चर्य वाटलं त्यांना. म्हणाले, "ते तुम्ही लिहिता होय? मला वाटलं ते कुठून तरी आपोआप येतं." त्याच आठवड्यात उपाहारगृहात तिला तो अंक दिसला. कुणीतरी गरम भांड्याखाली घातला होता. तिच्या चार ओळींवर भांड्याच्या बुडाचा काळा गोल. तिनं तो उचलला नाही. चहा घेतला, पैसे दिले, आली. अंगावर आलेलं रडू कुठे गेलं ते कळलं नाही. पण त्यानंतर ओठांची ती सवय लागली, आणि मग माणसं एकेक करून तिला दिसायला लागली, जशी ती होती तशी — बुटकी, पोकळ, हुशारीचा आव आणणारी. एकदा दिसायला लागली की न दिसणं जमत नाही.

समितीतले तर निवडक नमुने. फीतकापे. ते आपोआपवाले साहित्याचे सर. आणि वाणिज्य विभागाचे अगदी-सर. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "अगदी, अगदी" म्हणायचे म्हणून अगदी-सर. एकदा तिनं मुद्दाम म्हटलं होतं, "सर, आज सूर्य जरा —" आणि थांबली. "अगदी, अगदी," सर म्हणाले. पुस्तक परत करताना ते आत चिठ्ठी घालत: 'एक पान दुमडलेले होते, ते उलगडले आहे.' समितीत ते का होते? दुसरा कुणी तयार नव्हता म्हणून. या माणसाच्या डोक्यात जन्मात कधी एखादा स्वतःचा विचार शिरला असेल, आणि शिरला तर एकटेपणानं मेला असेल.

जेवणाची सुट्टी झाली. दोन वाजले. घड्याळाकडे ती बघत नव्हती, पण घड्याळच समोर होतं. कुणी येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी तिचे कान जिन्याकडे होते. सहायकेला तिनं सांगितलं, "वाचनकक्षात पुढे चार खुर्च्या मांड." — हा तिचा शेवटचा हात होता. रिकाम्या खुर्च्यांचं ती बैठकीत वर्णन करणार होती. "हो मॅडम." मुलीनं खुर्च्या मांडल्या. कशासाठी, हेही विचारलं नाही. धन्य आहे!

तीन वाजले. कुणी नाही.

तीन वाजून काही मिनिटं गेली. कुणी नाही. तिच्या अंगात एक ऊब पसरत चालली, हातपाय सैल झाले. झालं. सिद्ध झालं. आयुष्यभराचं गणित आणि उत्तर बरोबर... फाइल काखेत घेऊन ती उठली, पदर सारखा केला, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकाची नाहीत. सावकाश, एकेक पायरी चढणारी, मध्ये थांबणारी.

"उशीर झाला का हो?" अगदी-सर दारातच म्हणाले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, हातात नवी कोरी वही. "हिचा गुडघा... जिना जरा... सुरू नाही ना झालं? बरं झालं, बरं झालं. ही आमची मंडळी. आणि हे माझे मेहुणे, आणि या वहिनी. सगळ्यांनाच घेऊन आलो म्हटलं."

मागून एक ठेंगण्या बाई आल्या, श्वास घेत. पिकलेले आखूड केस, खांद्याला कापडी पिशवी. सरांची बायको दातांची डॉक्टर आहे, एवढं कधीतरी कानावर आलं होतं. मेहुणे आणि त्यांची बायको लग्नाला बोलावल्यासारखे नीटनेटके, थोडे बावचळलेले. चौघं जण. समोर चार खुर्च्या. तिला वाटलं कुणीतरी आपली थट्टा करतंय.

"सर, तुम्ही... अंक वाचलात?"

"म्हणजे काय! दर महिन्याला. पहिल्या ओळीपासून." सर खुश झाले होते. "मागेही आलो होतो की. ते मौन नव्हतं का, विचारवंतांचं? फार छान झालं ते. मी तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो होतो, आणि ते समोर. तासभर एक शब्द नाही. इतके साधे हो, कसलाही बडेजाव नाही, पायात साधी चप्पल, शेजारी एक शिडी टेकवलेली..."

शिडी. त्या दिवशी पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता. वीज यायची वाट बघत तासभर बसला होता तो — झोपला होता. तिला हसू यायला हवं होतं. आलंही, घशापर्यंत आलं. एवढा उत्तम विनोद तिनं लिहून कधी साधला नसता!

"बाकीचे मात्र रद्द झाले," सर आवाज खाली आणून म्हणाले. "मी येऊन कोपऱ्यात बसायचो, तुम्ही कामात असायच्या, कुणी यायचं नाही. या मुलीला विचारलं तर ही म्हणायची, हो सर. मग माझ्या लक्षात आलं. एकच श्रोता बघून वक्ते परत जात असणार. कुणाला बरं वाटेल हो, एकासाठी बोलायला? मला वाईट वाटायचं, आपण चार माणसं आणायला हवी होती. म्हणून या वेळी दवाखाना बंद ठेवायला लावला हिला. वक्ते आलेत ना?"

"येतायत," ती म्हणाली. जीभ आपली आपण बोलली.

"अगदी, अगदी. घाई नाही काही." आणि सर मेहुण्यांना घेऊन पुढे गेले, खुर्चीवर बसले, वही उघडली, वर तारीख घातली, खाली विषय लिहून त्याला दोन रेघा मारल्या. वहिनींनी कुजबुजत विचारलं, किती वेळ चालेल, आणि मेहुणे म्हणाले, गप्प बस. तिनं स्वतःला घाई केली: चल, तुच्छ मान याला, लवकर... हा गाढव माणूस, हा इलेक्ट्रिशियनला विचारवंत समजणारा वाणिज्य विभागाचा दगड... आणि गंमत अशी की तिरस्कार आला, नेहमीसारखाच आला, पक्का, रेखीव. माणूस तितकाच मूर्ख होता जितका तिनं मानला होता, तिळभरही चूक नव्हती तिची. फक्त भाषणात भोक पडलं होतं. 'आपल्यापैकी एकही जण आला नाही' — हे वाक्य गेलं. मग काय म्हणायचं? एक जण आला, पण तो मोजण्यासारखा नाही? समितीत तोही असणार, चार वाजता, बिस्किटाची बशी पुढे घेऊन, आणि ती तांबड्यानं अधोरेखित केलेल्या ओळी वाचत जाणार आणि तो प्रत्येक ओळीवर... काय करील तो? 'अगदी, अगदी' म्हणेल? तिच्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा आला, मौनाच्या ओळीपाशी पोचलेला, आणि तिनं तो घाईघाईनं पुसून टाकला.

"पाणी मिळेल का?"

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या नव्हत्या. काउंटरला टेकून उभ्या होत्या. तिनं पेला भरून दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि पुढे बसलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत, आवाज न चढवता म्हणाल्या, "कुणी येणार नाहीये ना?"

"वाटेत असतील. फोन —"

"माझ्याशी नको." त्यांनी पेला खाली ठेवला. "दिवसभर लोक माझ्यापुढे तोंड उघडतात आणि सांगतात, रोज दोनदा घासतो. मला सवय आहे."

तिनं पेला बाजूला सरकवला.

"जेवताना ते मोठ्यानं वाचून दाखवतात तुमचा अंक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा उभ्यानं वाचायच्या खुर्च्या आल्या ना, तेव्हा मला ठसकाच लागला. ते म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाही, तिखट लागलं. मग मी वाटच बघायला लागले. महिना संपत आला की विचारायचे, आला का हो अंक? हरवलेल्या पुस्तकांची यादी हरवली, त्यावर तर मी दवाखान्यात एकटीच हसत होते. चांगलं लिहिता तुम्ही. फार चांगलं. 'जाहीर मौन'! दुसरं कुणी 'मूक व्याख्यान' वगैरे लिहून माती केली असती."

तिच्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं. 'जाहीर' की 'प्रकट', त्या दोन संध्याकाळी... म्हणजे कळलं होतं. कुणाला तरी कळलं होतं, शब्दासकट! इतकी वर्षं एका घरात, एका ताटासमोर, कुणीतरी हातातला घास थांबवून मला वाचत होतं, आणि मी... काहीतरी बोलायला हवं, आभार मानायला हवेत, विचारायला हवं — अंधारातला शब्दकोश आवडला का? शांततेची दुरुस्ती? बाई, सांगा ना, कुठला सगळ्यात चांगला? तिचे ओठ स्वतःहून ताणले जात होते, आणि हे हसू वेगळं होतं, ते तिला आवरेना.

डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या.

"मग कार्यक्रम सुरू झाले," त्या म्हणाल्या. "हे सदरा घालून निघायचे. म्हटलं, नका जाऊ, ऊन आहे. ऐकायचे नाहीत. परत आले की म्हणायचे, रद्द झालं. चहा करून द्यायचे मी."

"तुम्ही त्यांना सांगायचं होतं," ती म्हणाली. तिच्या कानांना तो आवाज लहान मुलीसारखा लागला, दुसऱ्यावर ढकलणाऱ्या.

"सांगितलं असतं, तर काय झालं असतं माहीत आहे? आले असते तुमच्याकडे. माफी मागायला. मला विनोद कळला नाही हो मॅडम, म्हणून." डॉक्टरीणबाईंनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "तुम्हाला आवडलं असतं ते. म्हणून नाही सांगितलं."

आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पूर्ण, सरळ, घाई न करता. तिला ती नजर ओळखीची होती. कुठे पाहिली, याचा विचार करावा लागला नाही. खालचा ओठ किंचित आत, पापणी स्थिर, राग नाही, काहीच नाही — समोरचं माणूस काय मापाचं आहे ते कळलेलं, आणि आता त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही, असं बघणं. हे बघणं तिचं होतं. इतकी वर्षं ती असं बघत आली, जिन्यात, बैठकीत, काचेच्या फलकापाशी. पण ते आपल्यावर पडलं की कसं वाटतं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. अंगावरचं लुगडं तोकडं पडल्यासारखं वाटलं. आणि वाईट याचं वाटलं की माप चुकलेलं नव्हतं.

"ही तांबड्या खुणांची फाइल कसली?" काखेतून अंक बाहेर डोकावत होते.

"काही नाही. चारच्या बैठकीची."

"यांच्या समितीचीच ना ती? सकाळपासून चाललंय, आज ग्रंथपालांचं अभिनंदन आहे, आपण दोन शब्द बोलणार म्हणून." एवढ्यावर त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्या थोडा वेळ फाइलकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा. पण आत्ता तिथे जाऊन अर्धा तास काहीतरी बोला. वास ना? पुस्तकांच्या वासावर बोला. ते टिपणं घेतात. धड बोला म्हणजे झालं."

त्या हळूहळू पुढे गेल्या, गुडघा सांभाळत, आणि नवऱ्याशेजारी बसल्या. सरांनी विचारलं, "आले?" त्या म्हणाल्या, "या मॅडमच आहेत वक्त्या. नाव छापायचं नव्हतं त्यांना." सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडं, डोळे मोठे झालेले. "अरे वा!" ते म्हणाले, आणि वहीत काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं.

सहायक मुलगी मागून आली. "मॅडम, प्राचार्यांचा निरोप आहे. बैठक जरा आधीच घेऊ या म्हणतायत. बाकीचे सगळे जमलेत."

"सांग, कार्यक्रम चालू आहे."

"हो मॅ... कुठला मॅडम?" मुलीनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी विचारलं, आणि नेमकं आजच. तिनं फाइल काउंटरवर ठेवली. मग तिथे नको म्हणून उचलली. मग कुठे ठेवावी ते कळेना म्हणून तशीच छातीशी धरून पुढे गेली. चौघांसमोर उभी राहिली. मागच्या टेबलांवर मुलं झोपलेलीच होती. अर्ध्या तासानं काय... बैठकीला जायचंच आहे. फाइल उघडता येईल अजूनही. का नाही येणार? खरं ते खरंच आहे, एकानं वाचलं म्हणून बाकीच्यांनी वाचलं असं होत नाही, आणि दोघांनी वाचलं म्हणूनही नाही... पण ही वाक्यं ती चालवत होती आणि ती चालत नव्हती, गाळात रुतल्यासारखी.

"जुन्या पुस्तकांना," ती म्हणाली, "एकच वास नसतो."

"अगदी, अगदी," सर म्हणाले आणि लिहू लागले.

त्या शब्दांनी तिला चीड यायला हवी होती. तिनं क्षणभर वाट पाहिली; आली नाही, किंवा आली आणि दारातच थांबली. कारण तिचं लक्ष तिकडे नव्हतंच. तिचं लक्ष दुसऱ्या खुर्चीवर होतं. वाक्य कसं होतं? फार साधं झालं का? पुढे काय म्हणावं — ओलीचा वास, सरसाचा वास, बंद कपाटाचा... की असं यादीसारखं नको, आधी एखादं पुस्तक सांगावं, एकच, हातात घेतल्यासारखं, म्हणजे त्यांना दिसेल, आणि त्यांना दिसलं तर कदाचित... पुढचं वाक्य तिनं मनात एकदा म्हणून पाहिलं, शब्द बदलला, पुन्हा म्हणून पाहिलं. कित्येक वर्षांत तिनं कुणाला आवडावं म्हणून एक अक्षर काढलं नव्हतं. आता आवडू दे, एवढंच मनात होतं, दुसरं काहीच नाही, आणि त्याची तिला लाज वाटत होती आणि ते थांबत नव्हतं.

"एक पुस्तक होतं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या.